खुर्चीभोवतीची झीज

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी बाबांच्या सलूनमध्ये येणारी गिऱ्हाइकं मला भिंगरी म्हणायची, आणि ते नाव अजून सुटलेलं नाही. असल्या बाईने संशोधनाच्या वाटेला जाऊ नये, कारण तिथे निम्मा वेळ कुणाच्या तरी सहीची वाट बघण्यात जातो. पण मी गेले. आणि विषय तरी काय घेतला, तर दगडी जिन्यांची झीज. जुन्या इमारतींमध्ये माणसांच्या पायांनी पायरी किती झिजते, आणि ती झीज मोजून किती माणसं चालली असतील ते सांगता येईल का, एवढंच मला शोधायचं होतं.

हे काम पोटावर पडून करायचं असतं. पायरीच्या दोन टोकांना पोलादी पट्टी टेकवायची आणि दर पाच सेंटिमीटरवर पट्टीखालची पोकळी गेजने मोजायची. कोर्ट, वाचनालय, जुनं स्टेशन, सगळीकडे मी अशी आडवी पडलेली आहे. लोक ओलांडून जातात. एकदा एका बाईंना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी मला धरून बसवलं आणि पाणी पाजलं. मी पाणी प्यायले, आभार मानले आणि पुढच्या पायरीवर आडवी झाले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मुद्द्याचं सांगते. आमच्या विद्यापीठात पहिल्या दिवसापासून कुणी पीएच.डी.चा विद्यार्थी नसतो. आधी एम.फिल.ला तात्पुरती नोंदणी होते. मग बाराव्या ते अठराव्या महिन्याच्या दरम्यान अहवाल द्यायचा, एक प्रकरण पूर्ण लिहून द्यायचं, उरलेल्या कामाचं वेळापत्रक द्यायचं आणि दोन परीक्षकांसमोर बसायचं. त्यांना पटलं तर तुमची नोंदणी पीएच.डी.त वर्ग होते. त्याला सगळे अपग्रेड म्हणतात. नाही पटलं तर आणखी एकच संधी मिळते. तीही गेली, तर छोटी पदवी घ्यायची आणि घरी जायचं.

हे सगळं मला तोंडपाठ होतं, आणि तेच नडलं.

नोंदणीला चार महिने झाले होते. घराची किल्ली विसरले म्हणून मी सलूनमध्ये गेले. बाबांचं सलून म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि एक बाक. खुर्चीत निवृत्त पोस्टमास्तर होते, अर्ध्या तोंडाला फेस, आणि बाकावर तिघं-चौघं नंबर लावून बसलेले. बाबा वस्तरा फिरवता फिरवता सांगत होते, "आमची भिंगरी पीएच.डी. करते." ज्या सुरात सांगितलं त्यावरूनच कळलं, की हे काही आज पहिल्यांदा सांगणं नाही. गेले चार महिने खुर्चीत बसलेल्या प्रत्येक डोक्याला ते सांगून झालं असणार.

आणि मी, अर्धा मिलिमीटर चुकला तर अख्खा जिना पुन्हा मोजणारी, दारातूनच म्हणाले, "बाबा, पीएच.डी. नाही. अजून एम.फिल.च आहे. अपग्रेड झालं तरच पीएच.डी. म्हणायचं. उगाच लोकांना चुकीचं सांगू नका."

पोस्टमास्तर आरशातूनच म्हणाले, "म्हणजे पोरगी अजून पहिल्या पायरीवर, आणि तुम्ही आम्हाला गच्ची दाखवताय होय." अख्खा बाक हसला. बाबाही हसले. मग त्यांनी वस्तरा पुसला. तो आधीच पुसलेला होता.

त्या दिवसापासून बाबांनी तो शब्द टाकला. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "काहीतरी शिकते." तेही मान वर न करता. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस, हवामानापासून जावयांपर्यंत सगळ्यावर बोलणार, पण मुलीचा विषय निघाला की कात्रीचाच आवाज जास्त.

आधी मला रागच आला. खरं सांगितलं तर एवढं काय लागायचं? आई म्हणाली, "तू बरोबर होतीस गं. पण तिथल्या तिथे, चार लोकांत बरोबर असायलाच हवं होतं का?" मग मी तिच्याशीही दोन दिवस धड बोलले नाही. आमच्या घरात माफी मागायची रीत नाही. फार तर चहाचा कप समोर जरा हळू ठेवतात. मी महिनाभर कप हळू ठेवले. बाबा चहा प्यायचे आणि दुकानात जायचे.

मग मी मनाशी ठरवलं, की अपग्रेडचं पत्र आलं की ते थेट बाबांच्या हातात द्यायचं. त्यांचा शब्द मी चार लोकांत हिसकावून घेतला होता, तो परत द्यायला दुसरा मार्ग मला दिसत नव्हता. म्हणून अपग्रेड माझ्यासाठी पदवीपेक्षा मोठं होऊन बसलं. आणि एखादी गोष्ट मोठी झाली की माझ्या हातून ती पुढेपुढे ढकलली जाते, हा माझा जुना रोग आहे.

बारावा महिना आला. मी म्हटलं, वाचनालयाचा मागचा जिना राहिलाय, तो मोजते आणि अहवाल देते. चौदावा आला, तेव्हा मी स्टेशनवर पडलेली होते. संशोधन विभागातल्या क्लार्कबाईंनी मला पंधराव्या महिन्यात बोलावून सांगितलं, "बाराव्या महिन्यात देता येतो, अठराव्यात द्यावाच लागतो. दोन्हींत फरक आहे." मी हो म्हटलं आणि आणखी दोन जिने घेतले. शेवटी माझ्या गाईड मॅडम वैतागल्या. "जगातल्या पायऱ्या संपायच्या नाहीत," त्या म्हणाल्या, "मुदत संपेल. तू मोजत नाहीयेस, पळत्येयस." मला ते झोंबलं. त्या आठवड्यात मी लिहायला बसले, म्हणजे बसले, उठले, खोलीत फेऱ्या मारल्या, परत बसले, आणि अठरावा महिना संपायला चार दिवस असताना अहवाल क्लार्कबाईंच्या टेबलावर आपटला.

परीक्षक दोघं होते. एक चष्मेवाल्या बाई, त्या माझा अहवाल खुणांच्या चिठ्ठ्या लावून घेऊन आल्या होत्या. दुसरे एक सर, बोलताना पेन्सिल टोकावर उभी करायचा प्रयत्न करत राहायचे. ती पडायची, ते परत उभी करायचे. मला तर ती हिसकावून घ्यावीशी वाटत होती. वीस मिनिटं मी बोलले. एकशे बारा पायऱ्या, दोन हजारांवर मापं, नकाशे, आलेख. मग बाईंनी चष्मा काढला.

"झीज तुम्ही फार छान मोजली आहे," त्या म्हणाल्या. "पण या जिन्यांवरून किती माणसं गेली, हे तुम्हाला कुठून कळलं?"

"इमारतीच्या नोंदींवरून अंदाज काढला आहे."

"म्हणजे अंदाज तपासायला दुसरा अंदाज," सर म्हणाले. पेन्सिल पडली. "किती पावलं पडली हे नक्की माहीत आहे, अशी एक तरी जागा तुमच्याकडे आहे का?"

नव्हती. दीड वर्ष मी त्याच प्रश्नापासून पळत होते, एकामागून एक जिना मोजत. मॅडमना ते दिसलं होतं. आणि तोंडातून निघून गेलं, "आहे. माझ्या बाबांचं सलून."

दोघांनीही मान वर केली. मी सांगत सुटले. एकच खुर्ची, जमिनीला बोल्टने बसवलेली. एकच माणूस, एकतीस वर्षं, तिच्याभोवती फिरतोय. खाली दगडी फरशी, आणि तिला खळगा पडलेला आहे; पाणी सांडलं की तिथे जमतं आणि आई कटकट करते.

"मोजलात तो खळगा?" बाईंनी विचारलं.

"नाही."

त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. दहा मिनिटं म्हणाले आणि चाळीस लावली. कॉरिडॉरच्या टोकाला जिना होता, चौदा पायऱ्यांचा. मी तो नऊ वेळा चढले-उतरले. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी पायांनी कळलं. आत बोलावलं तेव्हा मॅडमही येऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघूनच मी ओळखलं. अपग्रेड नाही. तीन महिन्यांनी परत यायचं, सलूनची फरशी मोजून आणायची, आणि ती शेवटची संधी.

बाबांना कसं सांगावं याचा विचार करत मी घरापर्यंत तीन वेगवेगळ्या रस्त्यांनी गेले. शेवटी नुसतंच विचारलं, "बाबा, तुमची फरशी मोजायची आहे."

"मोज," ते म्हणाले. कशाला, ते विचारलंच नाही.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी खुर्चीखाली शिरायचे. खळगा घोड्याच्या नालेसारखा होता: खुर्चीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना. समोर आरशाचा ओटा असल्यामुळे तिथे दगड जसाच्या तसा. सगळ्यात खोल जागा उजवीकडे मागे, चार मिलिमीटर आणि वर थोडं. मग दुकान उघडलं की मी बाकावर बसायचे, हातात बटण दाबायचं मोजणीयंत्र, आणि बाबांची पावलं मोजायचे. मला, जिला दहा मिनिटं बसवत नाही, दोन आठवडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या बाकावर बसावं लागलं. पहिल्या दिवशी पोस्टमास्तर म्हणाले, "भिंगरीला कुणी खिळा ठोकला?" बाबा फेस घोटत राहिले.

एका डोक्याला सरासरी एकशे अठरा पावलं. दिवसाला किती डोकी, ते आईला माहीत होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला धुतलेला टॉवेल, हा बाबांचा नेम, आणि ते सगळे टॉवेल एकतीस वर्षं तिनेच वाळत घातलेले. "दोरीवर बावीस मावतात," ती म्हणाली. "बहुतेक दिवशी दोरी भरते. कधी दोघांची जागा रिकामी राहते, कधी दोन खिडकीच्या गजांवर घालावे लागतात." मी कागदावर गुणाकार केला. दोन कोटी चाळीस लाख पावलांच्या आसपास आलं. दोन कोटी चाळीस लाख पावलं चालून माझा बाप त्या खुर्चीपासून दोन हातांच्या पुढे गेलेला नव्हता. मी आकडा परत तपासला. तो बरोबरच होता.

एकदा मी बोलून गेले, की उजवीकडेच एवढं खोल का, ते मला कळत नाही. बाबा केस झाडत होते. न थांबता म्हणाले, "तिथे मी उजवा पाय उचलत नाही, नुसता फिरवतो. मानेवर वस्तरा असतो ना, पाय उचलला तर हात हलतो. दगड चालण्याने नाही झिजत एवढा, वळण्याने झिजतो." आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रत्येक जिन्यात वळणाची पायरीच का जास्त झिजलेली असते, यावर मी दोन पानं भरून निरर्थक लिहिलं होतं. मी तेव्हाच वही काढली. बाबांनी ते बघितलं, पण बघितल्याचं दाखवलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात एक नवीन गिऱ्हाईक आलं. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने आरशातून मला बघितलं आणि विचारलं, "ही कोण? आणि हे काय टकटक करते?"

"माझी मुलगी," बाबा म्हणाले. मग घसा साफ करून, एकेक शब्द जपून ठेवत, "संशोधन करते. तिची नोंदणी तात्पुरती आहे, एम.फिल.ला. परीक्षकांची समिती बसते. एकदा बसली, त्यांनी परत बोलावलंय. त्यांना पटलं तर मग पीएच.डी.त वर्ग होईल. आत्ता पीएच.डी. म्हणता येत नाही."

एक शब्द चुकला नाही. हे सगळं त्यांनी कुठून गोळा केलं होतं कोण जाणे, आईकडून, माझ्या फोनवरच्या बोलण्यातून. सव्वा वर्ष ते माझ्यासमोर गप्प राहून धडा पाठ करत होते, परत कुणी चूक काढू नये म्हणून. माझा अंगठा बटणावर तसाच राहिला. त्या माणसाभोवतीची बाबांची पावलं मोजायची राहून गेली आणि ते डोकं मला यादीतून काढावं लागलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्यांदा परीक्षकांसमोर गेले तेव्हा सांगण्यासारखं फार नव्हतं. खळग्याचा नकाशा, पावलांचा आकडा, आणि बाबांचं वाक्य, जसंच्या तसं, खाली लिहून की हे निरीक्षण सलूनचालकाचं आहे. बाबांच्या फरशीवर बसवलेल्या सूत्रावरून मी वाचनालयाच्या जिन्याचा आकडा काढला होता, आणि तो, मधल्या काळात मी तिथल्या दरवाजावर महिनाभर उभी राहून केलेल्या मोजणीशी जुळत होता. सरांनी पेन्सिल खाली ठेवली ती उचललीच नाही. बाईंनी विचारलं, "तुमच्या वडिलांना कुणी हे आधी विचारलं नव्हतं?" मी म्हटलं, "मीच विचारलं नव्हतं." या वेळी मला बाहेर सातच मिनिटं थांबवलं.

पत्र आठवड्याने आलं, बुधवारी. क्लार्कबाईंनी रजिस्टरवर सही घेतली आणि पाकीट दिलं. मी तिथेच फोडलं. नोंदणी पीएच.डी.त वर्ग करण्यात येत आहे, वगैरे. खाली 'पीएच.डी. नोंदणीचा दिनांक' आणि त्यापुढे माझ्या अगदी पहिल्या दिवसाची तारीख. ज्या दिवशी मी नवी वही घेऊन विभागात आले होते, तो दिवस.

"बाई, तारीख चुकली आहे," मी म्हटलं. सवय कुठे जाते.

"काही चुकलेली नाही," त्या म्हणाल्या. "अपग्रेड झालं की नोंदणी मागून धरतात. पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे चौथ्या महिन्यातही मी..."

"चौथ्या काय, चौथ्या दिवशीही. तुम्ही आधीपासून पीएच.डी.लाच होतात, असंच रेकॉर्ड राहतं. नियम पुस्तकात आहे. कुणी वाचत नाही तेवढं."

मी, जिला सगळे नियम तोंडपाठ होते, तिथे उभीच्या उभी राहिले. मागच्या मुलाने "झालं का तुमचं?" असं विचारलं तेव्हा बाजूला झाले.

तडक सलूनमध्ये जायचं होतं. पाय निघालेही होते. पण पोस्टमास्तर शनिवारी येतात, आणि जे चार लोकांत मोडलं ते चार लोकांतच जोडायला हवं होतं. तीन दिवस मी ते पत्र पिशवीत घेऊन फिरले. अपग्रेडच्या एकवीस महिन्यांपेक्षा ते तीन दिवस मला जड गेले. आई दोनदा म्हणाली, "अगं बस की जरा."

शनिवारी मी दारात उभी राहिले तेव्हा मास्तरांच्या अर्ध्या तोंडाला फेस होता. बाकावर दोघं होते. मला वाटलं होतं मी काहीतरी नीट बोलेन, पण आवाज उगाच मोठा निघाला.

"मास्तर, त्या दिवशी मी इथे उभी राहून चुकीचं सांगितलं होतं. बाबा बरोबर होते. मी तेव्हाही पीएच.डी.च करत होते. हे बघा, लिहून दिलंय."

मास्तरांनी टॉवेलखालून हात काढला. बाबांनी ओट्यावरचा चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला, फेस लागणार नाही असा. जन्मभर शिक्के बघितलेला माणूस तो. आधी शिक्का बघितला, मग सही, मग तारीख. दोनदा वाचलं.

"तारीख मागची आहे," ते म्हणाले. "तुम्ही ते बोललात त्याच्याही आधीची." मग बाबांकडे आरशातून बघत, "आम्ही उगाच हसलो हो त्या दिवशी."

"मान हलवू नका," बाबा म्हणाले. त्यांनी मास्तरांच्या नाकावरचा चष्मा काढला, पत्र घडी घालून वरच्या खिशात ठेवलं आणि उरलेली दाढी केली. उजवा पाय फरशीवर फिरत होता. वस्तरा जराही हलला नाही.

मास्तर गेले. बाकावरचा पहिला माणूस खुर्चीत बसला. बाबांनी त्याच्या गळ्याभोवती धुतलेला टॉवेल गुंडाळला, कंगवा पाण्यात बुडवला. त्या माणसाने काही विचारलं नव्हतं.

"ही माझी मुलगी," बाबा त्याला म्हणाले. "पीएच.डी. करते."

आणि कंगवा तसाच धरून त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं, मी काही दुरुस्ती करते का म्हणून.

मी बाकावर बसून राहिले.